मोंतोनेच्या डोंगरावर माणगावचं नाव

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, पेरुजा शहरापासून उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर मोंतोने नावाचं एक गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची ४८२ मीटर, वस्ती साधारण सोळाशे. जुलै २०२३ मध्ये या गावाने एक सूर्यघड्याळ उभारलं आणि त्याला नाव दिलं नाईक यशवंत घाडगे यांचं. घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या टेकड्यांवर ब्रिटिशांच्या भारतीय फौजेतून लढताना ते गेले, तेव्हा त्यांचं वय बावीस होतं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक मिळालं. स्मारक व्हायला त्यानंतर एकोणऐंशी वर्षं लागली.

माणगावात त्यांचा पुतळा आहे, त्यात नवल काही नाही, ती त्यांची जन्मभूमी. पण सोळाशे वस्तीच्या परक्या गावाने, ज्यांच्याशी ना भाषेचं नातं ना धर्माचं, इतक्या वर्षांनी हे का करावं? इटलीतले काही इतिहासकार आणि मोंतोनेची नगरपालिका यांनी मिळून हे काम तडीला नेलं, भारताच्या राजदूत नीना मल्होत्रा उद्घाटनाला हजर होत्या, इतकी बातमी आपल्याकडे आली आणि विरून गेली. मला ती बातमी सोडवेना. म्हणून या गावाचा इतिहास मुळापासून लावून पाहिला. तो लावल्यावर वाटतं, की हे स्मारक त्या गावाच्या स्वभावातूनच आलेलं आहे.

डोंगर आणि दरी

आपल्याकडे गड वर आणि गाव पायथ्याला. मोंतोनेत गाव म्हणजेच गड. तट गावाभोवती फिरतो, वेशी तटात आहेत, घरं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून चढत गेलेली. खाली टायबर वाहते आणि तिला येऊन मिळणारी कार्पिना. टायबर म्हणजे तीच, जी पुढे रोममधून जाते. या डोंगरावर उभं राहिलं की खोऱ्याचा मोठा पट्टा दिसतो, आणि खोऱ्यातून उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जाणाऱ्या कुणालाही इथून दिसल्यावाचून जाता येत नाही. गावाच्या सगळ्या इतिहासाचं बीज या एका गोष्टीत आहे. ज्याला खोरं हवं त्याला डोंगर हवा, आणि ज्याला डोंगर हवा त्याची वक्रदृष्टी गावावर.

गावाची पाळंमुळं हजारेक वर्षांमागे जातात. बाराव्या शतकात ते सरदारांच्या जहागिरीत होतं, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पेरुजा या बलाढ्य शहराचं वर्चस्व त्याने पत्करलं. तोवर ते डोंगरमाथ्यावरच्या इतर शेकडो इटालियन गावांसारखंच एक गाव होतं. त्याला नाव मिळालं ते एका माणसामुळे.

ब्राच्चो

आंद्रेआ फोर्तेब्राच्चो हा १३६८ मध्ये मोंतोनेच्या सरदार घराण्यात जन्मला. फोर्तेब्राच्चो म्हणजे जोरकस बाहू. लोक त्याला नुसतं ब्राच्चो म्हणत, पुढे ब्राच्चो दा मोंतोने, मोंतोनेचा ब्राच्चो. त्या काळी इटलीत एक राज्य नव्हतंच. शहरं होती, ड्यूक होते, पोप होता, आणि यांच्यापाशी स्वतःची फौज थोडी आणि पैसा जास्त. मग ते करार करून सेनापती ठेवत. सेनापती आपले घोडेस्वार घेऊन येई, ठरलेली मुदत लढे, मुदत संपली की दुसऱ्याकडे जाई, कधी कालच्या मालकावरच चालून जाई. ब्राच्चो या धंद्यातला सगळ्यांत नावाजलेल्यांपैकी एक. त्याची लढण्याची रीत पुढे त्याच्या नावानेच ओळखली गेली. सगळी फौज एकदम झोकायची नाही, लहान लहान तुकड्या पाळीपाळीने पुढे पाठवायच्या, दमलेली तुकडी मागे घेऊन ताजी सोडायची.

१२ जुलै १४१६ रोजी पेरुजाजवळ सांतेजिदिओ इथे तो कार्लो मालातेस्ताच्या फौजेशी भिडला. जुलैचा उन्हाळा, अंगावर लोखंडी चिलखत. ब्राच्चोने आपल्या माणसांसाठी पाण्याची पिंपं जवळ ठेवली होती. समोरची फौज उन्हाने आणि तहानेने खचली, मालातेस्ता पकडला गेला आणि ब्राच्चो पेरुजाचा धनी झाला. आज त्या सांतेजिदिओला पेरुजाचा विमानतळ आहे. पुढच्या वर्षी त्याने काही आठवडे खुद्द रोमही ताब्यात ठेवलं. हा नुसता लुटारू नव्हता हेही सांगितलं पाहिजे. त्रासिमेनो सरोवराचं पाणी चढून काठची शेतं बुडायची, तेव्हा त्याने पाण्याला वाट काढून देणारा भुयारी कालवा खोदवला.

जून १४२४ मध्ये लाक्विला शहराच्या वेढ्यात तो हरला, जबर जखमी झाला आणि काही दिवसांत मेला. पोप मार्टिन पाचवा याचा त्याच्यावर दात होता. प्रेत रोमला नेलं गेलं आणि बहिष्कृत म्हणून पवित्र न केलेल्या जमिनीत पुरलं गेलं. ख्रिस्ती माणसाला याहून मोठी शिक्षा त्या काळी नव्हती. आठ वर्षांनी, १४३२ मध्ये, त्याच्या पुतण्याने अस्थी काढून पेरुजाला आणल्या आणि सान फ्रान्चेस्को अल प्रातो या चर्चमध्ये ठेवल्या.

मी इथे मुद्दाम थांबलो. आपल्या माणसाला नीट माती मिळाली नाही, ती आठ वर्षांनी का होईना मिळवून दिली, ही गोष्ट या गावाच्या इतिहासातली सगळ्यांत ठळक गोष्ट आहे. गावचा मुख्य चौक आजही फोर्तेब्राच्चोच्या नावाचा आहे.

काटा आणि निशाण

ब्राच्चोचा मुलगा कार्लो. तोही करारावर लढणारा सेनापती, व्हेनिसच्या पदरी होता. त्याने १४७३ मध्ये गावाला एक वस्तू दिली, येशूच्या डोक्यावरच्या काट्यांच्या मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा. इटालियनमध्ये सांता स्पिना, पवित्र काटा. खरा-खोटा हा वाद इथे गैरलागू आहे, गावासाठी तो खरा आहे. तो आजही गावच्या मुख्य चर्चमध्ये आहे, ईस्टरच्या सोमवारी लोकांपुढे आणला जातो. ऑगस्टमध्ये कार्लोने काटा दिल्याचा उत्सव होतो. गावाचे तीन भाग आहेत : बोर्गो वेक्क्यो, पोर्ता देल मोंते आणि पोर्ता देल वेर्झिएरे. जुने पोशाख चढवून हे तिन्ही भाग एकमेकांशी चढाओढ करतात, त्यात धनुर्विद्येचा सामना असतो. आपल्याकडच्या जत्रेत वाड्या-वाड्यांमध्ये मान कुणाचा यावरून जी चुरस लागते, तीच ही.

काटा देऊन पाच वर्षं झाली नाहीत तोच गावाला दणका बसला. पोप सिक्स्टस चौथा याने १४७८ मध्ये मोंतोनेचा किल्ला पाडून टाकला. कार्लोच्या राजकारणाची किंमत गावाने मोजली. किल्ल्याचे अवशेष आजही गावाच्या वरच्या टोकाला आहेत.

त्यानंतर चारच वर्षांनी, १४८२ मध्ये, बार्तोलोमेओ कापोराली या पेरुजाच्या चित्रकाराने गावासाठी एक निशाण रंगवलं. हे निशाण मिरवणुकीत पुढे धरायचं, कापडावर रंगवलेलं. प्लेगच्या भीतीतून अशी निशाणं उंब्रियात बरीच झाली. येशूची आई मारिया झगा पसरून उभी आहे आणि झग्याखाली सगळं गाव आसऱ्याला आलेलं, बायका, पुरुष, लहान-मोठे. पायाशी खुद्द मोंतोने गाव, तटासकट. अशा निशाणांवर रोगाला बाणांचं रूप दिलेलं असतं, वरून सुटलेले बाण त्या झग्यावर अडतात. हे निशाण आता सान फ्रान्चेस्कोच्या जुन्या मठातल्या संग्रहालयात आहे. रोगात वाचलेल्या लोकांनी त्या भीतीचं चित्र जपून ठेवलं, पाचशेहून अधिक वर्षं, आणि त्या चित्रात आपलं गाव काढून घेतलं. माझ्या मते मोंतोने समजायला हे एक निशाण पुरे आहे.

पुढच्या साडेतीन-चार शतकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाव काही काळ वित्तेल्ली घराण्याकडे गेलं, बाकी पोपच्या राज्यात राहिलं, १८६० मध्ये उंब्रिया इटलीच्या नव्या राज्याला जोडला गेला तेव्हा त्याच्याबरोबर गेलं. लोक शेती करत होते, आणि ती शेती बहुतेक अर्धेलीची. मेझ्झाद्रिया हा त्यांचा शब्दच निम्म्यावरून आलेला आहे. जमीन आणि घर मालकाचं, घाम कुळाचा, पीक अर्धं-अर्धं. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद केले, पण तोवर डोंगरातली शेतघरं सोडून लोक कारखान्यांच्या शहरांकडे निघालेच होते. ओस पडलेली ती दगडी घरं पुढे शहरी आणि परदेशी लोकांनी विकत घेतली. आज मोंतोनेचं नाव इटलीतल्या सुंदर गावांच्या यादीत आहे, उन्हाळ्यात तिथे चित्रपट महोत्सव होतो.

जुलै १९४४

या लढाईपर्यंत मराठा पलटण कशी पोचली ते आधी पाहू. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. हीच बटालियन मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढली होती आणि तिथे समोर होतं इटलीचं सैन्य. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने तह केला, जर्मनांनी देश व्यापला, आणि आता त्याच बटालियनची पोरं इटालियन माणसाच्या दारात जर्मनांशी लढत होती.

रोम ४ जून १९४४ रोजी पडलं, पेरुजा २० जूनला. जर्मन पळत नव्हते, सावकाश मागे सरकत होते. उत्तरेला अपेनाइन डोंगरात त्यांची गॉथिक लाइन नावाची पक्की फळी तयार होत होती, तिला वेळ मिळवून द्यायचा होता. म्हणून पूल उडवायचे, रस्त्यांत सुरुंग पेरायचे आणि प्रत्येक सोंडेवर थोडी माणसं, मशीनगन आणि निशाणबाज ठेवून दिवस काढायचे. टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्यामागे लागल्या होत्या चौथी आणि दहावी भारतीय डिव्हिजन. खोऱ्यातून जायचं तर दोन्ही बाजूंच्या टेकड्या एकेक करून घ्याव्या लागत. ब्राच्चोच्या काळात डोंगराचं जे मोल होतं तेच पाचशे अठ्ठावीस वर्षांनी, आणि महिनाही जुलैच.

या खोऱ्यातल्या लोकांना दोस्त राष्ट्रांच्या फौजांचं येणं निव्वळ सुखाचं नव्हतं. मोंतोनेच्या शेजारचं उंबेर्तिदे गाव आहे. तिथला टायबरवरचा पूल तोडायला २५ एप्रिल १९४४ रोजी दोस्तांची विमानं आली, बॉम्ब वस्तीवर पडले आणि सत्तरच्या आसपास माणसं गेली. सुटका करायला येणाऱ्यांच्याच बॉम्बने. मोंतोनेच्या कृतज्ञतेबद्दल बोलताना हेही लक्षात ठेवलं पाहिजे. तिथल्या घरांनी दोन्ही गोष्टी पाहिल्या होत्या आणि त्यातली एक निवडून जपली असं नाही, दोन्ही जपल्या.

१० जुलै. घाडगे एका सेक्शनचे प्रमुख होते, म्हणजे दहाएक माणसांची तुकडी. नाईक हा हुद्दा हवालदाराच्या खालचा. हल्ला चालू असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि प्रमुख सोडून तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी होऊन पडला. घाडगे एकटे उरले. ते त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्याने बंदूक आणि ती चालवणारा दोघं गेले. मग आपल्या टॉमीगनने, हातातल्या छोट्या मशीनगनने, तिथल्या एकाला गोळी घातली. मॅगझिन संपलं. नवं भरायला सवड नव्हती. त्यांनी बंदूक उलटी करून नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. ठाणं हाती आलं. आणि त्याच वेळी निशाणबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या. आपण जिंकलेल्या ठाण्यातच ते पडले.

ही हकिकत व्हिक्टोरिया क्रॉसच्या अधिकृत निवेदनात आहे, २ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडन गॅझेटमध्ये ती छापून आली. मी ती वाचतो तेव्हा एकाच गोष्टीपाशी अडतो : नळी. सतत गोळ्या झाडलेल्या बंदुकीची नळी तापलेली असते. ती त्यांनी हातात धरली. हे सगळं काही क्षणांत घडलं असणार. त्या दिवसांत माणगावच्या खाचरांत लावणी चालू असते.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक होते. त्यांतले २३,७२२ जायबंदी किंवा मृत झाले, मृतांचा आकडा ५,७८२. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय पलटणींतल्या जवानांचे, आणि त्या सहांत दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसरे नामदेव जाधव, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले. त्यांचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ चा, सेनिओ नदीवरचा. ते वाचले आणि पुढे १९८४ पर्यंत जगले.

थडगं नसलेला माणूस

घाडगे यांना ज्ञात थडगं नाही. ज्यांचे देह मिळाले नाहीत किंवा ओळखू आले नाहीत अशांची नावं कासिनोच्या स्मारकात कोरली आहेत, तिथे त्यांचं नाव आहे. चार हजारांहून जास्त नावांमधलं एक. कासिनो मोंतोनेपासून खूप दक्षिणेला आहे, रोमच्याही पलीकडे. म्हणजे ज्या टेकड्यांवर ते गेले तिथे त्यांच्या नावाचा दगडही नव्हता.

उशीर का झाला, हा या प्रकरणातला अवघड भाग. माझं मत सांगतो. आपल्या बाजूने पाहिलं तर १९४७ नंतर ब्रिटिशांच्या झेंड्याखाली लढलेल्या जवानांसाठी आपल्या मनात नीट जागाच उरली नाही. त्यांना शूर म्हणावं तर कुणाच्या राज्यासाठी, हा प्रश्न आडवा येई. गावोगावच्या घरांत पेन्शनची पुस्तकं आणि पेटीतली पदकं राहिली, शाळेच्या पुस्तकांत ती माणसं आली नाहीत. इटलीच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी युद्धाची गोष्ट सांगितली ती स्वतःच्या बंडखोर तुकड्यांची, आणि परकीयांमध्ये अमेरिकन व इंग्रजांची. खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी पाहिलेले सावळे जवान इंग्रजांच्या फौजेत जमा झाले. दोन्ही देशांच्या मोठ्या गोष्टीत ही माणसं बसत नव्हती.

लहान गोष्टीत मात्र बसत होती. राज्य ज्याला विसरतं त्याला गाव विसरत नाही, निदान मोंतोनेसारखं गाव विसरत नाही. या गावाने पोपने नाकारलेला सेनापती चौकाच्या नावात ठेवला, पाडलेला किल्ला पाडलेल्या अवस्थेत ठेवला, प्लेगचं निशाण ठेवलं, काटा ठेवला. यांतलं प्रत्येक एका दुखण्याची खूण आहे. अशा गावाला एका थडगं नसलेल्या शिपायासाठी जागा काढणं अवघड गेलं नसावं. कागदावर पुरावा मागितला तर माझ्यापाशी नाही, पण इतका सगळा इतिहास एका ओळीत मांडला की मला तरी दुसरं उत्तर दिसत नाही.

सावली

स्मारक म्हणून पुतळा किंवा स्तंभ करता आला असता. त्यांनी सूर्यघड्याळ केलं आणि त्यावर लॅटिनमध्ये ब्रीद घातलं, ज्याचा अर्थ : आपण सगळे एकाच सूर्याखाली. पहिल्यांदा ऐकताना हे गोड वाक्य वाटतं. सूर्यघड्याळाचं गणित लावून पाहिलं की त्यातलं वजन कळतं.

साध्या सूर्यघड्याळाचा काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवावा लागतो. म्हणून आडव्या तबकडीवर तो गावाच्या अक्षांशाइतका कललेला असतो. मोंतोनेच्या अक्षांशाला तो साधारण ४३ अंश उचलावा लागेल, माणगावला फक्त १८ अंश. तिथलं घड्याळ उचलून आणून इथे ठेवलं तर ते चुकीची वेळ दाखवेल. १० जुलैला भर दुपारी मोंतोनेत काठीची सावली उत्तरेला पडते. माणगावात त्या दिवसांत सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे ढग फाटून ऊन पडलंच तर भर दुपारची सावली पडते दक्षिणेला, बोटभर. आणि मोंतोनेत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा माणगावात कलत्या दुपारचे चार वाजून गेलेले असतात.